हीटर असूनही दर थंडीत कासव आजारी पडतं: नेमकं काय तपासायचं?

दिवाळी सरली, पहाटे पंखा बंद करावासा वाटू लागला, की कासव पाळणाऱ्या घरांतून तीच तक्रार सुरू होते. कालपर्यंत माणूस दिसला की काचेला धडका देणारं कासव खाद्याकडे बघेनासं होतं. एका कोपऱ्यात दिवसभर पडून राहतं. मग डोळे सुजतात, नाकाशी बुडबुडे दिसतात. दुकानातून डोळ्यांचे थेंब आणले जातात. फेब्रुवारीत ऊन तापू लागतं, कासव हळूहळू ताजंतवानं होतं, आणि औषध लागू पडलं असं सगळ्यांना वाटतं. पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दरवर्षी ठरावीक महिन्यात येणारा आजार बाहेरून येत नसतो. त्याचं मूळ टँकमध्ये बारा महिने असतं, उन्हाळा ते झाकून ठेवतो. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा ते मूळ एकच निघतं: पाण्यातल्या कासवाला दोन तापमानं लागतात, आणि आपण त्याला एकच देतो. कधी तेही धड देत नाही.

पुढचं सगळं रेड इअर्ड स्लायडरबद्दल आहे. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, दुकानात रुपयाएवढं हिरवं पिल्लू म्हणून मिळणारं हे कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. तुमच्याकडच्या कासवाला तो लाल पट्टा नसेल, तर आधी त्याची ओळख पटवून घ्या. आपल्याकडच्या नद्या-तळ्यांतल्या कासवांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ती घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि अशा वेळी वनविभागाला कळवणं हाच रस्ता.

आता तापमान. कासवाचं शरीर स्वतः उष्णता तयार करून अंग ऊबदार ठेवत नाही. खाल्लेलं पचणं, रोगाशी झुंजणं, पोहण्याची ताकद, सगळं बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालतं. मोठ्या स्लायडरला पाणी २४ ते २६ अंश सेल्सिअस लागतं, पिल्लांना २६ ते २८. आणि पाण्याबाहेर ऊन खात बसायच्या कोरड्या कट्ट्यावर ३२ ते ३५ अंश. कासव दिवसभर या दोन जागांमध्ये ये-जा करतं आणि आपलं अंग हवं तेवढं तापवून घेतं. आपलं काम त्याला दोन्ही जागा देण्याचं. ये-जा कधी करायची हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

आधी मोजा, आणि पहाटे मोजा

हात घालून "पाणी कोमट आहे" म्हणणं सोडून द्या. आपल्या हातालाच हिवाळ्यात सगळं गार लागतं, आणि हीटरजवळचं पाणी टँकच्या दुसऱ्या टोकाच्या पाण्यापेक्षा ऊन असतं. दोन साधे थर्मामीटर आणा. एक पाण्यात, हीटरपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात. दुसरा कट्ट्यावर, कासवाची पाठ जिथे येते तिथे.

मोजायची वेळ फार महत्त्वाची आहे. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी २८-३० पर्यंत चढतो. नाशिक, निफाडकडे पहाट याहून गार असते. घरातला टँक एवढा हेलकावा खात नाही, पण खातो नक्की. दुपारी जेवण झाल्यावर टँककडे बघणाऱ्याला पाणी २५ दिसतं आणि तो निर्धास्त होतो. तेच पाणी पहाटे साडेपाचला १८ असू शकतं. कासव आजारी पडतं ते त्या पहाटेच्या आकड्याने.

तीन दिवस चार आकडे लिहा: पहाटेचं पाणी, दुपारचं पाणी, पहाटे पाण्याच्या लगेच वरची हवा, आणि दिवा लागून तासभर झाल्यावरचा कट्टा. कागद टँकच्या काचेलाच चिकटवून ठेवा. पुढे काय चुकतंय ते या चार आकड्यांवरूनच कळणार आहे.

पहाटेचं पाणी गार निघालं तर

नाशिकच्या एका परिचितांकडे तीन फुटी टँक आहे, त्यात वीतभर लांबीची मादी. हीटर चांगला, डायल २८ वर. तरी पहाटे पाणी १९. टँकसमोर जरा वेळ बसून राहिलं तेव्हा दिसलं, की हीटरचा लाल दिवा लागतो आणि लगेच विझतो. हीटर उभा लावलेला होता आणि त्याचं वरचं टोक चार बोटं पाण्याबाहेर होतं. माशांच्या टँकमध्ये पाणी काठोकाठ असतं, म्हणून उभा हीटर चालतो. कासवाच्या टँकमध्ये पाणी अर्ध्यावर असतं, आणि थर्मोस्टॅट बसलेला वरचा भाग नेमका उघडा पडतो. त्याला पाण्याचं तापमान कळणार कसं? हीटरच्या नळीवर पाण्याच्या किमान पातळीची रेघ असते, ती कायम बुडालेली हवी. त्यांचा हीटर आडवा चालणाऱ्या प्रकारचा होता. तळाजवळ आडवा बसवला, फिल्टरचं पाणी त्याच्यावरून जाईल असं तोंड फिरवलं, आणि पहाटेचा आकडा २५ वर आला.

हीटर पुरेसा मोठा आहे का, हेही हिशेबाने बघा. टँकची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि हजाराने भागा, म्हणजे लिटर मिळतात. ९० बाय ४०च्या टँकमध्ये २५ सेंटिमीटर पाणी म्हणजे ९० लिटर. खोली पाण्यापेक्षा पाच-सहा अंशांनीच गार होत असेल, तर लिटरमागे एक वॅट साधारण पुरतो. फरक दहा अंशांचा असेल तर दोन वॅट धरा. म्हणजे मुंबईत ज्या टँकला १०० वॅटचा हीटर पुरतो, त्याच टँकला पुण्या-नाशिकच्या गारठ्यात २०० लागतो. दुकानदार बहुतेक वेळा माशांच्या, म्हणजे भरलेल्या आणि झाकलेल्या टँकच्या हिशेबाने हीटर देतो. डायलवरच्या आकड्यावरही विसंबू नका. तो दोन-तीन अंशांनी सहज चुकतो. खरा आकडा थर्मामीटरचा.

गारठ्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते बऱ्याच घरांत कुणाच्या लक्षातच येत नाही: सकाळी बदललेलं पाणी. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी थंडीत पहाटे १५-१६ अंशांवर असतं. टँकमधलं अर्धं पाणी काढून तेवढंच हे भरलं, तर २६चं पाणी एका क्षणात २१ वर येतं. ९० लिटर पाण्याला २०० वॅटचा हीटर एक अंश चढवायला किमान अर्धा तास घेतो. म्हणजे ते पाच अंश भरून यायला अडीच तासांहून जास्त वेळ जातो, आणि हे रोज, कासवाने अंग तापवून दिवस सुरू करायच्या वेळेला. पाणी दुपारी बदला. बादलीत गीझरचं पाणी मिसळून थर्मामीटरने टँकएवढं करून मगच ओता. हीटर पाणी काढायच्या पंधरा मिनिटं आधी बंद करायचा. गरम काच उघडी पडून पुन्हा गार पाण्यात गेली की तडकते. टँकमधून काढलेलं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका आणि हात साबणाने धुवा. कासवं साल्मोनेलाचे जंतू बाळगतात, स्वतः आजारी न दिसता. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. घरात लहान मुलं असतील तर सिंकचा आणि हात धुण्याचा हा नियम कडक पाळा.

मोठं कासव हीटरवर आपटतं, त्याला ढकलतं, काच फोडतं. हीटरला प्लास्टिकची जाळीदार गार्ड लावा. आणि टँकचा प्लग ज्या लाइनवर आहे तिथे गळती पकडणारा ब्रेकर, म्हणजे ईएलसीबी किंवा आरसीसीबी, आहे याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्या. पाण्यात हात घालण्याआधी हीटर बंद. यात तडजोड करू नका.

वीज जात असेल तर टँकच्या पाठीला, तळाखाली आणि दोन्ही बाजूंना बाहेरून थर्मोकोल लावा. आतून अजिबात नको, कासव तो कुरतडून गिळतं. रात्रभर वीज नसेल तर काचेभोवती जुनी गोधडी गुंडाळा आणि गरम पाण्याच्या घट्ट बंद बाटल्या टँकमध्ये सोडा. कढत पाणी थेट ओतू नका.

पाणी बरोबर, तरी नाकातून बुडबुडे

आता तिसरा आकडा बघा, पाण्यावरची हवा. कासव फुप्फुसांनी श्वास घेतं. पाणी २६ असेल आणि दर थोड्या वेळाने वर येऊन ते १३ अंशांची हवा ओढत असेल, तर छाती धरायला वेळ लागत नाही. गॅलरीत, खिडकीखाली किंवा एसीच्या झोतात ठेवलेल्या टँकचं दुखणं बहुतेक हेच असतं. लोक हीटर वाढवत जातात, आणि पाणी जितकं गरम तितका हवेशी फरक वाढत जातो.

टँक घरातल्या आतल्या भिंतीशी हलवा. फरशीवर असेल तर उंच करा. रात्री वरचा भाग तीन-चतुर्थांश झाका, हवेला फट ठेवून. पाण्याची वाफ आत राहिली की वरची हवा आपोआप ऊबदार होते. दिव्याच्या खाली कापड मात्र जाता कामा नये.

कट्टा आहे, पण कासव चढतच नाही

याचं उत्तर थोडं उलटं वाटेल. पुष्कळदा पाणी जास्त गरम असतं. काळजीपोटी डायल ३०-३१ वर नेलेला असतो, आणि कट्टाही तेवढाच. पाण्यातच ऊब मिळत असेल तर कासव बाहेर कशाला येईल? मग कवच महिनोन्महिने सुकतच नाही, त्यावर बुरशी आणि जिवाणूंची लागण होते, जुने पापुद्रे सुटत नाहीत. पाणी २५ वर आणा, कट्टा ३३ वर न्या, आणि दोन-चार दिवस लांबून बघा. जवळ जाऊन बघितलंत तर ते धप्पकन पाण्यात उडी मारेल. मला स्वतःला कासव कट्ट्यावर मागचे पाय लांब ताणून, बोटं पसरून बसलेलं दिसलं की बाकी तपासणीची निम्मी काळजी जाते. ते दृश्य टँक ठीक चालल्याची सगळ्यात भरवशाची खूण आहे.

कट्टा वजनाने बुडत असेल, गुळगुळीत असेल, ओला राहत असेल किंवा जाण्या-येण्याच्या वाटेवर असेल, तरीही कासव चढत नाही. पूर्ण अंग कोरडं होईल एवढी जागा आणि पाय रोवता येतील असा चढ हवा.

दिव्याचं म्हणाल तर एलईडी इथे कामाचा नाही, तो पुरेशी उष्णता देत नाही. इलेक्ट्रिकलच्या दुकानात जुना पिवळा साठचा बल्ब किंवा हॅलोजन मिळतो, तो चालतो. होल्डर सिरॅमिकचा घ्या, प्लास्टिकचा वितळतो. नुसत्या चिमट्यावर भरवसा न ठेवता साखळीने किंवा तारेने बांधा. तापलेल्या बल्बवर पाण्याचा शिंतोडा उडाला तर तो फुटतो, म्हणून कासवाच्या उडीच्या टप्प्यापासून दूर ठेवा. उंची वरखाली करून कट्टा ३२-३५ वर स्थिर करा. दिवसा दहा-बारा तास दिवा, रात्री अंधार.

ऊब मिळाली, ऊन मिळालं का?

उष्णता देणारा बल्ब उन्हाचं निम्मंच काम करतो. उन्हातले यूव्हीबी (एक प्रकारचे अतिनील) किरण त्वचेवर पडले की शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होतं, आणि त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडांत आणि कवचात बसत नाही. मोठ्या कासवाचं कवच बोटाने दाबल्यावर दबत असेल तर ही कमतरता बरीच पुढे गेलेली आहे. पिल्लांचं कवच थोडं लवचिक असतं, पण तेही मऊ पडत जाता कामा नये.

खिडकीतून टँकवर येणारं ऊन यात धरू नका. साधी काच यूव्हीबी अडवते. बाजारात "यूव्ही" म्हणून मिळणारे जांभळ्या उजेडाचे स्वस्त एलईडीही धरू नका. नुसता रंग जांभळा असला म्हणून त्यातून यूव्हीबी मिळत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यूव्हीबी ट्यूब घ्या, कट्ट्यापासून साधारण ३० सेंटिमीटरवर लावा, मध्ये काच किंवा अॅक्रिलिक नको. उजेड दिसत राहिला तरी तिच्यातले हे किरण कमी होत जातात, त्यामुळे सहा ते बारा महिन्यांनी बदला. लावल्याची तारीख ट्यूबवरच मार्करने लिहा.

आपल्याकडे खरं ऊन फुकट आणि भरपूर आहे, त्याचा फायदा घ्या. थंडीत सकाळी दहानंतर, ऊन अंगाला लागू लागलं की, रुंद टबमध्ये थोडं कोमट पाणी, एका बाजूला वीट, दुसऱ्या बाजूला सावली, आणि वीस-तीस मिनिटं. काचेचा टँक कधीही उन्हात नेऊ नका. त्यातलं पाणी बघता बघता तापतं, आणि सावली नसेल तर कासव त्यात मरतं. जवळ कुणीतरी बसून राहायला हवं. कावळा आणि मांजर दोघांनाही लहान कासव उचलता येतं.

"तिकडे तर बर्फ पडतो, तरी जगतात ना?"

हा प्रश्न हमखास येतो. मिसिसिपीच्या खोऱ्यात थंडीत स्लायडर तळ्याच्या तळाशी जाऊन पडून राहतात, हे खरं आहे. पण तिथलं खोल पाणी सलग गार असतं, आणि त्या गारव्यात शरीराचा व्यवहार जवळजवळ थांबतो. त्याआधी त्यांचं पोट रिकामं झालेलं असतं. आपल्याकडे पहाट गार आणि दुपार उन्हाळ्यासारखी. शरीर रोज दुपारी जागं होतं आणि रोज रात्री मंदावतं. साधारण १० ते १८ अंशांच्या मधला पट्टा सगळ्यात वाईट: नीट झोपण्याइतका गार नाही, नीट जगण्याइतका गरम नाही. प्रतिकारशक्ती मंदावलेली, आणि पोटातलं अन्न न पचता कुजतं.

म्हणून थंडीत कासव खात नसेल तर तोंडात कोंबू नका, आणि "तेवढंच खातंय" म्हणून चिकन देऊ नका. आधी ऊब, मग अन्न. पाणी गार सापडलं तर दिवसाला दोन-तीन अंश अशा बेताने वर आणा.

सुजलेले डोळे

यात थंडीबरोबर खाण्याचाही वाटा असतो. दुकानात डब्यात मिळणारे सुके झिंगे हेच बहुतेक कासवांचं पूर्ण जेवण असतं. त्यात अ जीवनसत्त्व फार कमी, आणि त्याची कमतरता सगळ्यात आधी डोळ्यांच्या पापण्यांवर दिसते. पापण्या सुजल्या की खाद्य दिसत नाही, दिसत नाही म्हणून खात नाही, आणि उपासमारीने कमतरता वाढते. अस्वच्छ पाण्यानेही डोळे सुजतात, म्हणून फिल्टर आणि पाणी हेही बघा. चांगल्या पेलेट, म्हणजे गोळ्यांच्या, खाद्याला शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा यांची जोड द्या. मोठं झालं की पाल्याचं प्रमाण वाढवत न्या. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा (कटलबोनचा) तुकडा टँकमध्ये टाकून ठेवा, कासव हवा तेव्हा कुरतडतं. पोळी, भात, ब्रेड आणि दूध बंद.

माणसांचे डोळ्यांचे थेंब घालू नका, काहींत स्टिरॉइड असतं. अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शनही दुकानदाराच्या सांगण्यावरून देऊ नका. जास्त झालं तर कातडी सोलवटून निघते. कवचाला तेल, हळद, व्हॅसलीन यातलं काहीही लावू नका.

काही खुणा दिसल्या तर टँकची दुरुस्ती चालू ठेवून त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा: तोंड उघडून, मान ताणून श्वास घेणं, नाका-तोंडातून बुडबुडे किंवा चिकट स्राव, पोहताना एका बाजूला कलणं, बुडी मारता न येणं. ही न्यूमोनियाची लक्षणं असू शकतात आणि त्याला प्रतिजैविक लागतं. ऊब दिल्याने औषधाला मदत होते, पण ऊब औषधाची जागा घेत नाही. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात कासव बघत नाहीत, तेव्हा फोन करून विचारून जा. परळ, नागपूर आणि शिरवळ इथल्या सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही चौकशी करता येते. नेताना पाण्यात नेऊ नका. भोकं पाडलेल्या खोक्यात ओलसर टॉवेल, आणि शेजारी कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली पुरते.

दरवर्षीच्या या आजारपणाला कंटाळून कासव नदीत किंवा देवळाच्या तळ्यात सोडून देणारे लोक आहेत. कृपा करून तसं करू नका. मादी २५-३० सेंटिमीटर वाढते, वीस-तीस वर्षं जगते, आणि इथल्या कासवांचं खाणं व उन्हाच्या जागा बळकावते. जगातल्या शंभर सर्वांत घातक आक्रमक जातींच्या यादीत या कासवाचं नाव आहे. सांभाळणं खरंच जमत नसेल तर जमेल अशा माणसाकडे सोपवा.

तापमानं जागेवर आल्यावर खाणं त्याच दिवशी सुरू होत नाही. आधी कासव कट्ट्यावर चढू लागतं, मग टँकमध्ये फिरतं, मग खाद्य हुंगून सोडून देतं, आणि काही दिवसांनी खातं. पहिल्यांदा थोडं द्या, दिवसाआड. पाणी आणि कट्टा दोन्ही आठवडाभर बरोबर असूनही त्याने तोंड लावलं नाही, तर पशुवैद्याकडे जा आणि काचेवरचा तो आकड्यांचा कागद सोबत न्या. डॉक्टरांचा पहिला प्रश्न बहुधा तापमानाचाच असतो. आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरात, गारठा पडण्याआधी, हीटर बादलीभर पाण्यात पूर्ण बुडवून थर्मामीटरबरोबर रात्रभर चालवून बघा. बिघडलेला असेल तर तेव्हाच कळेल, आणि बदलायला हाताशी वेळ असेल.